धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंत : मादाम सी. जे. वॉकर

आपल्या सभांमधून अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव येते, माल्कम एक्स येतात, दलित पँथरच्या निमित्ताने ब्लॅक पँथर येतात. हा सगळा लढा लढला गेला तेव्हा त्याचा खर्च कोणी केला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. सभागृहाचे भाडे, वृत्तपत्रांची छपाई, कोर्टाची फी, वसतिगृहे, शाळा हे सारे कोठून आले? आम्ही वकिली पेशातले. कागद कितीही मोठा असला तरी खाली जमाखर्च पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. तसा जमाखर्च पाहू गेले की तेथे एका बाईचे नाव वारंवार भेटते. केसांचे मलम विकणारी बाई!

या बाईंची आठवण आज काढण्यास कारण आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शेवगाव-पाथर्डीपासून श्रीरामपूर-राहात्यापर्यंत आपल्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी खांद्याला पिशवी लावून क्रीम, शाम्पू, फेसवॉश विकत फिरतात. दारोदार माल विकणे आपल्या बायकांना नवे नाही. सुया, पोत, मणी विकणाऱ्या वैदू बाया आणि बांगड्या भरणाऱ्या कासारणी गावोगाव फिरत आल्या आहेत. परंतु त्यांच्या टोपलीत आणि आजच्या पिशवीत एक फरक आहे. त्याकडे येण्यापूर्वी त्या बाईंची हकीकत सांगणे भाग आहे.

त्यांचे जन्मनाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी, कापसाच्या मळ्यावर. आईवडील, ओवेन आणि मिनर्व्हा, त्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली, म्हणून सारा ही त्या घरात स्वतंत्र जन्मलेली पहिली मुलगी. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना तो अर्पण केला, तेव्हा ही मुलगी जेमतेम पाच वर्षांची होती.

कायद्याने मुक्ती मिळाली, पण जमीन मालकाचीच राहिली. कापूस पिकवायचा आणि अर्धा मालकाला द्यायचा. बी, अवजार, धान्य मालकाच्या दुकानातून उधार. हिशेबाची वही मालकाच्याच हाती. आपल्या वाचकांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंबर १९३९ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला महार वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले, ते अशाच जोखडाविषयी बोलायला. आपले वतन १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने गेले. त्यांचे जोखड तसेच चालू राहिले.

सातव्या वर्षापर्यंत साराचे आईवडील दोघेही गेले. थोरल्या बहिणीच्या आश्रयाने ती नदीपलीकडे व्हिक्सबर्गला गेली आणि घरकाम करू लागली. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी मुलगी, विसाव्या वर्षी वैधव्य. शाळेचे तोंड तिने जवळपास पाहिलेच नाही. १८८८ च्या सुमारास मुलीला घेऊन ती सेंट लुइस शहरात गेली, कारण तिचे भाऊ तेथे न्हाव्याचा धंदा करीत. पुढची सुमारे अठरा वर्षे तिने लोकांची धुणी धुतली. दिवसाची कमाई दीड डॉलरच्या आत. एवढ्या पैशात तिने मुलीचे शिक्षण केले. तेथील काळ्यांच्या चर्चमधील शिकल्यासवरल्या स्त्रिया नव्याने आलेल्या गरीब बायकांना हात देत. संघटना म्हणजे काय, बोलावे कसे, उभे राहावे कसे, हे सारा तेथे शिकली. तिच्या पुढच्या धंद्याचे खरे भांडवल हेच, असे आमचे मत आहे.

या काळात तिचे केस झडू लागले. घरात नळ नाही, खाणे निकृष्ट, काम वाफेत आणि सोड्यात, डोक्याचे आजार सर्रास. अशी परिस्थिती एकट्या साराची नव्हती. वस्तीतील बहुतेक बायकांची तीच होती. गोऱ्यांच्या कंपन्यांना काळ्या बाईचे डोके हे गिऱ्हाईकच वाटत नव्हते. ही रिकामी जागा सर्वप्रथम ओळखली ती ॲनी टर्नबो मलोन या दुसऱ्या काळ्या स्त्रीने. त्यांच्या मालाचे नाव ‘पोरो’. सारा सुरुवातीस त्यांचीच विक्रेती होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढे दोघींत वैर आले, आणि नक्कल केल्याचा आरोप मलोनबाईंनी जाहीरपणे केला. इतिहासाने वॉकर यांना उचलले आणि मलोन यांना विसरला. हा अन्याय निदान आमच्या सदरात होऊ नये.

१९०५ साली सारा डेन्व्हरला गेली. जानेवारी १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी तिचे लग्न झाले. हे गृहस्थ वृत्तपत्रांच्या जाहिरातींचे काम करीत. सारा ब्रीडलव्हची मादाम सी. जे. वॉकर झाली ती येथे. हे नुसते नवऱ्याचे नाव लावणे नव्हते. त्या काळी दक्षिणेतला गोरा माणूस काळ्या बाईला, ती आजी झाली तरी, पहिल्या नावाने नाहीतर ‘आंटी’ म्हणून हाक मारी. बाईसाहेब, श्रीमती असे काही लावायचे नाही हा तेथील अलिखित नियम होता. आपल्याकडे साठीच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराने अरेतुरे करायचे आणि म्हाताऱ्याने त्या पोराला अहोजाहो करायचे, हा नियम तरी कोठे लिहिलेला होता? सारा यांनी आपले पहिले नाव डबीवरून काढूनच टाकले. मागे आद्याक्षरे, पुढे मादाम. दुकानदार, पोस्टमन, रेल्वेचा कारकून, बँकेचा अधिकारी, ज्याला या बाईशी व्यवहार करायचा त्याला तोंडाने मादाम म्हणणे भाग पडले. आमच्या वाचनात आलेल्या जाहिरातशास्त्रात एवढा धारदार निर्णय दुसरा नाही.

मालाचे नाव ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’. त्यात मुख्यतः गंधक आणि पेट्रोलियम जेली. टाळूच्या आजारावर गंधकाचा उपयोग वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. म्हणजे चमत्कार नव्हता. पण चमत्काराची कथा मात्र होती. स्वप्नात एका काळ्या पुरुषाने येऊन कृती सांगितली, काही जिन्नस आफ्रिकेतून मागवले, असे त्या सांगत. बुद्धिवादी माणसाने या स्वप्नाला सलाम करण्याचे कारण नाही. माल विकण्यासाठी रचलेली ती गोष्ट. स्वप्नापेक्षा स्वच्छता महत्त्वाची होती. डोके वरचेवर धुवा, टाळू साफ ठेवा, मग मलम लावा, ही त्यांची शिकवण. केस वाढले ते बहुधा या धुण्यानेच!

आता विक्रीची पद्धत. डबीवर गोऱ्या मेमचे चित्र नाही, स्वतः वॉकर यांचा फोटो. वापरण्यापूर्वीचा आणि नंतरचा. गिऱ्हाईक बाईला डबीवर आपल्यासारखाच चेहरा दिसे. जाहिराती काळ्यांच्या वृत्तपत्रांतून, म्हणजे जाहिरातीचा पैसाही समाजाच्याच छापखान्यात. (आपल्या दैनिकांना जाहिरात देताना हात आखडणाऱ्या आपल्या उद्योजकांनी येथे क्षणभर थांबावे.) मग प्रवास. नवराबायको दक्षिणेतील गावोगाव फिरले, सुमारे दीड वर्ष. गावात उतरायचे, चर्चमध्ये किंवा एखाद्या घरी बायका जमवायच्या, प्रत्यक्ष एकीचे डोके धुऊन दाखवायचे, माल विकायचा आणि जाताना त्या गावात एक एजंट तयार करून जायचे. मागून टपालाने माल. १९०८ साली पिट्सबर्गला त्यांनी मुलीच्या नावाने लेलिया कॉलेज काढले. तेथे केशनिगा शिकवली जाई. येऊ न शकणाऱ्यांसाठी २५ डॉलरमध्ये टपालाने अभ्यासक्रम. १९१० मध्ये बिऱ्हाड इंडियानापोलिसला हलवले, कारण ते रेल्वेचे मोठे जंक्शन. माल चारी दिशांना लवकर जाई. तेथे स्वतःचा कारखाना, आणि १९११ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी. कारभारी नेमले ते फ्रीमन रॅन्सम, काळे वकील. कामावर मुख्यत्वे काळ्या स्त्रिया, वरच्या जागांवरही.

२५ डॉलर ही रक्कम धुणेवालीला थोडी नव्हती. मग ही प्रवेश फी नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की त्या पैशात बाईला एक विद्या मिळे. वॉकर कंपनी उद्या बुडाली तरी ती बाई घरात खुर्ची टाकून केस धुऊ शकत होती, त्यावर पोट भरू शकत होती. मालाची विक्री ही त्या धंद्याची एक बाजू, सेवा ही दुसरी. नगरकरांना हे लवकर कळावे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच शहरात, मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंच्या शाळेत. नगरात मिळालेली विद्या त्यांनी पुण्याला नेली आणि पुढे किती मुलींना दिली, हे सांगायला नको.

आणि आता ती पिशवी. आमच्याकडे येणाऱ्या भगिनींची कहाणी बहुधा एकाच साच्याची असते. कोणी नातेवाईक बाई हॉटेलातल्या मीटिंगला घेऊन गेली. मंचावर गाडीच्या चाव्या वाटल्या जात होत्या. पाच-दहा हजारांचा माल उचलला, कधी बचत गटाचे कर्ज काढून. माल वस्तीत खपेना, कारण तीनशे रुपयांचे क्रीम घेणार कोण? तेव्हा वरच्या बाईने सांगितले की माल विकण्याच्या मागे लागू नको, खाली माणसे जोड. मग बहीण, जाऊ, मैत्रीण. शेवटी खाटेखाली खोकी आणि नात्यात अबोला. यात विद्या कोणती मिळाली? भाषण करण्याची, फार तर.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. पैशांचे असे अभिसरण करणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली असून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. माणसे जोडल्याबद्दल वरच्याला लाभ देणारी पिरॅमिड योजना त्यांनी मना केली, विक्रेत्याशी लेखी करार सक्तीचा केला आणि करार केल्यावर विनादंड माघार घेण्याची मुदत मान्य केली. थेट विक्री हा गुन्हा नाही, हेही तितकेच खरे. वकील म्हणून आम्ही एवढेच विचारतो : तुमच्या हातात आलेला रुपया डबी वापरणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे, की तुमच्यामागून फसलेल्या बहिणीचा? आणि करार कोठे आहे, तो दाखवा. बहुतेकींकडे करार नसतो, मोबाइलवरचा संदेश असतो. ज्यांची खोकी खाटेखाली पडून आहेत त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावावा, किंवा जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढावी.

वॉकर यांच्याकडे परत जाऊ. त्या काळात काळ्यांचे सर्वांत वजनदार पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन. त्यांच्या नॅशनल निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन १९१२ साली शिकागोला भरले. पुरुष व्यापारी एकामागून एक उठून आपली यशोगाथा सांगत होते. वॉकर यांना बोलू द्यावे अशी विनंती झाली, ती वॉशिंग्टन यांनी कानाआड केली. केशरचनेचा धंदा त्यांना हलका वाटे. शेवटच्या दिवशी वॉकर जागेवरूनच उठल्या आणि परवानगी न मागता बोलल्या. कापसाच्या रानातून आपण धुण्याच्या टबापर्यंत, तेथून स्वयंपाकघरापर्यंत आणि तेथून स्वतःच्या जमिनीवर उभारलेल्या कारखान्यापर्यंत कशा आलो, हे त्यांनी सांगितले. अध्यक्ष गप्प. पुढच्या वर्षी त्याच संस्थेने त्यांना वक्त्या म्हणून सन्मानाने बोलावले. समाजाच्या पुढाऱ्यालाही समाजातल्या बाईचे कर्तृत्व दिसायला एक वर्ष लागले. आपल्याकडे किती लागते, याचा हिशेब आपल्या कार्यकारिण्यांनी करावा.

१९१६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहायला आल्या. मुलीने तेथे १९१३ पासूनच कंपनीचे बस्तान बसवायला घेतले होते. याच १९१३ ते १९१६ च्या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठ ११६व्या रस्त्यावर, वॉकर यांचे घर १३६व्या. वीस गल्ल्यांचे अंतर. दोघांची भेट घडवून आणण्याचा मोह आम्ही टाळतो. पुराव्याशिवाय लिहिण्याची सवय इतरांना लखलाभ.

१९१६ सालीच त्यांनी आपल्या एजंटांची संघटना बांधायला घेतली. वॉकर यांच्या मार्केटिंगचा कळस आमच्या मते येथे आहे. कंपनीच्या दाव्यानुसार तोवर एजंटांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. दावा कंपनीचा, तेव्हा थोडा सोडून धरावा. गावोगाव वॉकर क्लब निघाले. सभासद बायका वर्गणी काढत, मयतीला मदत करीत, शाळांना देणगी देत. १९१७ मध्ये फिलाडेल्फियाला पहिले अधिवेशन झाले. दोनशेहून अधिक एजंट जमल्या, बहुतेक एकेकाळच्या मोलकरणी, धुणेवाल्या, मळेकरी. बक्षिसे दिली गेली ती जास्त माल विकणारीला आणि जास्त एजंट घडवणारीला, तशीच समाजकार्यास सर्वाधिक देणाऱ्यांनाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये ईस्ट सेंट लुइस शहरात गोऱ्या जमावाने काळ्यांची वस्ती जाळली, माणसे मारली. २८ जुलैला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हजारो काळ्यांनी मूक मोर्चा काढला. काही दिवसांतच हार्लेमच्या पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेले. झुंडीने ठार मारणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवा, ही मागणी. शिष्टमंडळात वॉकर होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन भेटले नाहीत, त्यांच्या सचिवाने बोळवण केली. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात एजंट बायकांनी हीच मागणी करणारी तार विल्सन यांना पाठवली. केसांचे मलम विकणाऱ्या बायकांनी राष्ट्राध्यक्षाला तार केली! सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ज्या जिल्ह्याने पाहिले त्या जिल्ह्यातील वाचकाला या तारेचे मोल कळेल. अमेरिकेत तो कायदा झाला २९ मार्च २०२२ रोजी. तार गेल्याला तोवर १०४ वर्षे उलटली होती.

वॉकर यांच्यावर टीकाही झाली आणि ती पुसून टाकता येणार नाही. तापवलेल्या कंगव्याने केस सरळ करणे म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असे त्यांच्याच समाजातील अनेक जण म्हणत. तो कंगवा वॉकर यांनी शोधला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, ते चूक आहे. पण त्याचा प्रसार त्यांच्या पद्धतीने झाला हे खरे. आपण केस सरळ करत नाही, टाळू निरोगी करतो, असा त्यांचा बचाव होता. तो अर्धाच पटतो. त्यांच्या हयातीत कंपनीने कातडी उजळवण्याचे क्रीम विकले नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवावे लागेल. ते आले त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्या मुलींच्या पिशवीत सर्वांत जास्त खपते ते गोरे करणारे क्रीम, आणि ते विकत घेणारीही आपलीच मुलगी असते, ही गोष्ट आम्हाला वॉकर यांच्या कंगव्यापेक्षा अधिक टोचते.

हडसन नदीकाठी त्यांनी १९१८ मध्ये आलिशान घर बांधले. वास्तुरचनाकार व्हर्टनर टँडी, काळेच. शेजारच्या गोऱ्या धनिकांना आधी विश्वास बसेना की मालकीण ही आहे. पण घर उपभोगायला वर्षही मिळाले नाही. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या विकाराने २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी त्यांना दहा लाखांची मालकीण ठरवले होते. हिशेब झाला तेव्हा मिळकत सहा लाख डॉलरच्या आसपास निघाली. तरी धुणेवालीची ही मिळकत! मरणापूर्वी काही दिवस त्यांनी एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या झुंडबळीविरोधी निधीस पाच हजार डॉलर देण्याचे जाहीर केले. मृत्युपत्रात कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश भाग समाजकार्याला लावून दिला. ‘क्रायसिस’ मासिकात त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागवली, तेच हे ड्यू बॉइस.

एक प्रकरण राहिले, आणि वकिलाला ते राहवत नाही. इंडियानापोलिसला असताना वॉकर एकदा आयसिस नावाच्या थिएटरात गेल्या. तिकीट दहा सेंटचे. खिडकीवरच्या मुलीने सांगितले की काळ्यांसाठी पंचवीस. त्या परत फिरल्या, रॅन्सम वकिलांना बोलावले आणि थिएटरवर दावा ठोकायला सांगितले. त्यावरच न थांबता स्वतःची इमारत बांधायचे ठरवले, जिच्यात कंपनीची कचेरी असेल, कारखाना असेल आणि आपल्या माणसांसाठी थिएटरही. त्यांच्या हयातीत ती झाली नाही. कंपनीने ती पुरी केली १९२७ मध्ये, इंडियाना ॲव्हेन्यूवर. थिएटर, केशनिगेची शाळा, औषधाचे दुकान, डॉक्टर-वकिलांच्या कचेऱ्या, सारे एका छपराखाली. कंपनी पुढे विकली गेली. इमारत आजही उभी आहे आणि वॉकर यांचेच नाव तिला आहे.